रोटाव्हेटर, लहान ट्रॅक्टर आणि माझी एक टिपणी

सरकारी नोकरीत बरीच वर्षे काढल्यावर एक गोष्ट ध्यानात येते. जे मोजता येते, त्याचेच मोल प्रशासनाला कळते. काही वर्षांपूर्वी कृषी यांत्रिकीकरणाच्या एका योजनेचा आढावा माझ्याकडे आला होता. किती लहान ट्रॅक्टर आणि त्यांना मागून जोडावयाचे किती रोटाव्हेटर वाटले गेले, एवढ्यावरून मी जिल्ह्यांची प्रतवारी लावली. टिपणी मान्य झाली. पुढे मध्य प्रदेशातील एका गावी, त्याच प्रतवारीत वरचे स्थान मिळवलेल्या जिल्ह्यात, एका शेतकऱ्याच्या गोठ्यामागे त्यांतलेच एक यंत्र गंजत पडलेले पाहिले. या यंत्राचा इतिहास मी त्यानंतर वाचला. आधी वाचला असता तर टिपणी निराळी लिहिली असती.

१९१२ साली ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स प्रांतात, गिलगांड्रा येथील वडिलांच्या शेतावर, आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड नावाचा विशीही न गाठलेला तरुण प्रयोग करीत होता. नांगर ओढण्याऐवजी फिरत्या पात्यांनी जमीन भुसभुशीत करावी, ही त्याची कल्पना. वडिलांच्या वाफेच्या इंजिनाची शक्ती त्याने या कामी लावली. पहिली अडचण अशी की पाती माती बाजूला फेकून देत. इंग्रजी ‘एल’ अक्षराच्या आकाराची पाती एका लहान व्यासाच्या आसावर अंतराअंतराने बसवून त्याने ती सोडवली. मध्ये महायुद्ध आले. १९२० साली त्याने पेटंट घेतले, १९२२ साली कंपनी काढली आणि १९३८ साली तो इंग्लंडला गेला. युरोपातही याच सुमारास स्वित्झर्लंडचे कोनराड फॉन मायेनबुर्ग अशाच यंत्रावर काम करीत होते.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या यंत्रातील खरी गंमत निराळ्याच ठिकाणी दिसते. नांगर ओढायचा तर ट्रॅक्टरला वजन लागते. वजन कमी पडले की चाके जागच्या जागी फिरतात. रोटाव्हेटरची पाती चाकांच्याच दिशेने फिरतात आणि माती कापताना ट्रॅक्टरला उलट पुढे ढकलतात. म्हणून हलका ट्रॅक्टरही चांगली मशागत करू शकतो. शिवाय यंत्र मागे असल्याने चाकांखाली दबलेली माती त्याच फेरीत मोकळी होते. मात्र त्यासाठी यंत्राची रुंदी चाकांमधील अंतराला पुरेशी हवी. मागे जोडण्याची सोय दोन शोधांनी झाली. इंजिनाची फिरती शक्ती मागच्या दांड्यावाटे अवजाराला देण्याची सोय अमेरिकेत १९१८ पासून विक्रीच्या ट्रॅक्टरांत येऊ लागली. या दांड्याचा मिनिटाला ५४० फेऱ्यांचा वेग पुढे प्रमाण ठरला. अवजार तीन बिंदूंवर टांगून उचलण्याची रचना आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसन यांची.

भारतात ट्रॅक्टर आला तो मात्र मोठ्या प्रश्नाच्या मागून. मध्य भारतातील लाखो एकर जमीन कांस गवताने व्यापली होती. त्याची खोलवर गेलेली मुळे बैलांच्या नांगराला आटोपत नसत. १९४७ साली स्थापन झालेल्या केंद्रीय ट्रॅक्टर संघटनेने, युद्धानंतर येथे उरलेली अमेरिकी यंत्रे घेऊन हे काम हाती घेतले. १९४९ साली जागतिक बँकेने याच कामासाठी भारताला १ कोटी डॉलर कर्ज दिले. नर्मदाकाठी बुदनी येथे १९५५ साली ट्रॅक्टर प्रशिक्षण केंद्र निघाले. ही सगळी उभारणी मोठ्या यंत्राची होती, आणि त्या कामाला ती योग्यच होती.

पण शेत मोठे राहिले नाही. १९७०-७१ च्या कृषी गणनेत सरासरी धारण क्षेत्र २.२८ हेक्टर होते. २०१५-१६ मध्ये ते १.०८ हेक्टरवर आले. लहान व अत्यल्प भूधारक ८६ टक्के झाले. अशा रानात बांधापासून बांधापर्यंत वळायलाच जागा नसते. भातशेतीच्या जपानकडून पॉवर टिलर आला. बंगळुरूला १९६७ साली व केरळात १९७३ साली जपानी सहकार्याने त्याचे कारखाने निघाले. त्यानंतर कितीतरी वर्षांनी १५ ते २५ अश्वशक्तीचे लहान ट्रॅक्टर बाजारात रुळले आणि मागचा रोटाव्हेटर लहान शेतकऱ्याच्या आवाक्यात आला.

आता त्या गोठ्यामागच्या यंत्राकडे येतो. मी कारण विचारले. शेतकरी संकोचाने म्हणाला, “साहेब, यादीत एवढ्याच रुंदीचे होते. माझ्या ट्रॅक्टरला ते पेलत नाही. पहिल्या वर्षी कसेबसे चालवले, पाती झिजली. नवी पाती आणायची तर सगळा दिवस मोडतो.” ती यादी ज्या टिपणीतून निघाली, तिच्यावर माझी सही होती. हे मी त्याला सांगितले नाही. सांगायला हवे होते.

त्याच गावात एका जुन्या ट्रॅक्टरचालकाने मला तासाभरात जे शिकवले, ते आमच्या मार्गदर्शक सूचनांत कुठेच नव्हते. वाफसा आल्यावाचून यंत्र रानात घालू नये. ओल्या मातीचा चिखल होतो आणि खाली कठीण थर बसतो. पहिली फेरी उथळ, दुसरी थोडी खोल. वळताना यंत्र उचलावे. ते जमिनीत असताना मागे येऊ नये. आणि पात्यात अडकलेले गवत काढायचे तर आधी इंजिन बंद करावे, मगच खाली उतरावे. हे शेवटचे वाक्य त्याने दोनदा सांगितले. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे नव्हती.

किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर काढला तेव्हा लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती, हे आपण मराठी वाचक कौतुकाने सांगत आलो आहोत. त्यात शेतकऱ्याचे अज्ञान दिसते. माझ्या गोष्टीत अज्ञान शेतकऱ्याचे नव्हते.

२०१४-१५ साली सुरू झालेल्या यांत्रिकीकरण उपअभियानात अवजारे भाड्याने देणाऱ्या केंद्रांना स्थान मिळाले, ही योग्य दिशा होय. ज्याला वर्षातून चार दिवस यंत्र लागते, त्याने ते विकत का घ्यावे? तरीही केंद्रे किती उघडली, एवढेच मोजले तर जुनीच चूक नव्या रकान्यात जाईल. यंत्र वर्षात किती तास चालले, पाती किती कोसांवर मिळाली आणि किती हात शाबूत राहिले, हे तीन रकाने मी पुढच्या आढाव्यात घातले. तक्ता भरून यायला विलंब झाला. काही जिल्हे प्रतवारीत खाली गेले. त्यांत त्या शेतकऱ्याचा जिल्हाही होता.