दादमहाल ते आसारमहाल

मराठीत ‘दाद मागतात’ ती न्यायासाठी आणि ‘दाद देतात’ ती मैफलीत. आमच्या उर्दू माध्यमाच्या मुलांना मुशायऱ्यातली दाद तेवढी ठाऊक असते. फारसीत मात्र दाद म्हणजे न्याय. या शब्दाच्या नावाने उभी राहिलेली एक वास्तू विजापुरात आहे.

मुहंमद आदिलशहाने 1646 च्या सुमारास अर्ककिल्ल्याच्या खंदकालगत न्यायदानासाठी दादमहाल बांधला. पूर्वेची बाजू सताड उघडी, चार उंच सागवानी खांबांवर तोललेले छत आणि समोर हौद. 1636 च्या तहाने पुणे परगणाही आदिलशाहीत आला होता. म्हणजे आज आम्ही राहतो त्या कोथरूडच्या मुलखाचीही राजधानी तेव्हा विजापूरच होती.

पुढे हजरत पैगंबरांचे (स.) मानले जाणारे मू-ए-मुबारक येथे ठेवले गेले आणि दादमहालाचा आसारमहाल झाला. आसार म्हणजे खुणा. आदिलशाही ग्रंथसंग्रहही याच वास्तूत होता. 1686 मध्ये औरंगजेबाने विजापूर जिंकले. संग्रहातला मोठा भाग तेव्हाच गेला, असे सांगतात. उरलेली चारशेहून अधिक हस्तलिखिते 1853 मध्ये लंडनला पोहोचली. आज ती ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

शेजारचे महाल ओस पडले, गगनमहालाचे छप्पर गेले. आसारमहाल मात्र टिकला. लोकांच्या श्रद्धेने त्याला सांभाळले, हे मान्य केलेच पाहिजे. पण त्या श्रद्धेच्या छायेत इमारतीचे पहिले काम विसरले गेले.

शाळेची सहल तेथे नेली, तेव्हा हे फार जाणवले. स्त्रियांनी आत जायचे नाही, अशी तेथली प्रथा. मुलगे आत गेले, मुली हौदाजवळ थांबल्या. त्यांतली एक म्हणाली, “सर, कचेरी होती तेव्हा फिर्यादी बाईलाही बाहेरच थांबवत होते का?”

प्रश्न साधा होता, पण आम्ही क्षणभर गप्प झालो. मग एवढेच म्हणालो, “बेटी, नाव तर दादमहाल होते. दाद मागायला बाई-पुरुष असा भेद कशाला?”

परतल्यावर आम्ही फळ्यावर दोन्ही नावे शेजारी शेजारी लिहिली. आसार जपावेत, जरूर जपावेत. पण न्याय हीसुद्धा आपल्या पूर्वजांची खूणच आहे. ती विसरलो, तर मुलींनी दाद मागायची कोठे?