पावसाची पैज आणि गादीची पैज

आपल्याकडं सप्तव्यसनं सांगितली आहेत, त्यांत पहिला मान जुगाराचा. मांस, मद्य, चोरी, शिकार ही सगळी त्याच्या मागून. पाठशाळेत हे पाठ करताना जुगार म्हणजे पत्ते आणि फासे एवढंच डोळ्यांपुढं यायचं. पुढं इतिहासाची पुस्तकं वाचताना ध्यानात आलं की माणसानं पैज लावायला काही म्हणजे काही सोडलेलं नाही. आभाळातला पाऊस सोडला नाही आणि राजाची गादीही सोडली नाही. या दोन पैजा वरून सारख्या दिसतात, पण आतून फार वेगळ्या आहेत.

आधी पाऊस. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कलकत्त्याच्या बडाबाजारात व्यापाऱ्यांचा पावसावर सट्टा चाले. गच्चीवरून पाणी वाहिलं की एक बाजू जिंकली, नाही वाहिलं की दुसरी. बंगाल सरकारनं १८९७ साली त्यावर कायद्यानं बंदी आणली. आमच्या भागावर तेव्हा निजामाचं राज्य होतं. तिथंही जुगाराचा कायदा होता, १३०५ फसलीचा, म्हणजे साधारण १८९५-९६ चा.

आमचा औराद तालुका कर्नाटकाच्या अगदी उत्तर टोकाला. घरात मराठी, कचेरी बीदरची, मोंढा उदगीरचा. इथला शेतकरी मृगाच्या आधी तूर-सोयाबीनचं बियाणं घेतो, तीसुद्धा पावसावरची पैजच म्हणायची. पण ती हरली तर तिच्यातून कुणी श्रीमंत होत नाही, आणि जिंकली तर चार घरं जेवतात. सट्ट्यात तसं नसतं. तिथं दाणाही पिकत नाही. एकाच्या खिशातलं दुसऱ्याच्या खिशात जातं आणि मधला आपली दलाली काढून घेतो. व्यापार आणि सट्टा यांच्यातला हा फरक व्यापारी घरातल्या आपण बायकांना तरी समजावून सांगायला नको.

तरी पावसाच्या सट्ट्यात एक गोष्ट बरी होती. पाऊस येणार की नाही हे कुणालाच ठाऊक नसायचं. लावणारा आणि घेणारा दोघंही सारखेच अडाणी.

मुंबईच्या मटक्याचंही सुरुवातीला असंच होतं. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातले उघडते आणि बंद होतानाचे भाव तारेनं येत आणि त्यांवर पैजा लागत. १९६१ मध्ये ते भाव येणं बंद झालं. मग १९६२ पासून कल्याणजी भगत आणि पुढं रतन खत्री यांनी आकडा मुंबईतच काढायला सुरुवात केली. साता समुद्रापलीकडून येणारा आकडा आता माणसाच्या हातातून निघू लागला. आभाळाचा खेळ हातचा झाला.

गादीची पैज पहिल्यापासूनच हातची. रोममध्ये पोप वारला की पुढचा कोण, यावर सावकारांच्या पेठेत उघड पैजा लागत. निवड करणारे कार्डिनल बंद दाराआड बसत, पण त्यांच्या नोकरचाकरांकडून बातमी बाहेर झिरपायची आणि भाव हलायचे. अखेर १५९१ साली पोप चौदावे ग्रेगरी यांनी अशा पैजांवर बंदी घातली, मोडणाऱ्याला धर्मबहिष्कार. पुढं न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवर १८६८ ते १९४० या काळात अमेरिकेचा अध्यक्ष कोण होणार यावर मोठाल्या रकमा लागत, आणि ते भाव वर्तमानपत्रं रोज छापत.

आपल्याकडं राजस्थानातलं फलोदी पावसाच्या आणि निवडणुकीच्या सट्ट्यासाठी प्रसिद्ध. तिथं व्यवहार तोंडी. भाव जितका कमी, तितका उमेदवार पक्का समजायचा. तीस पैसे भाव म्हणजे रुपया लावला तर नफा तीस पैसे. लोक हे भाव भविष्यवाणीसारखे ऐकतात. पण २०२४ च्या लोकसभेला फलोदीचे म्हणून छापून आलेले आकडे भाजपला तीनशेच्या आसपास जागा देत होते, मतदानोत्तर चाचण्याही त्याच बाजूला होत्या. ३ जूनला सेन्सेक्स अडीच हजार अंशांनी वर गेला, ४ जूनला जवळजवळ ४,४०० अंशांनी खाली आला, आणि भाजपच्या जागा निघाल्या २४०. भाव म्हणजे ज्ञान नव्हे. पैसे लावणाऱ्यांना त्या दिवशी काय वाटतं, एवढाच त्याचा अर्थ.

जागांचं निदान कोट्यवधी मतदारांच्या हाती असतं. नेता बदलणं हे त्याहून वेगळं. २००४ आठवून पाहा. १३ मे रोजी निकाल लागला, अटलजींनी राजीनामा दिला. १७ मे रोजी शेअरबाजार इतका कोसळला की व्यवहार दोनदा थांबवावे लागले. १८ मे रोजी सोनिया गांधींनी पद नाकारलं आणि २२ तारखेला शपथ घेतली मनमोहनसिंगांनी. त्या पाच दिवसांत सारा देश अंदाज बांधत होता, आणि उत्तर मात्र दिल्लीतल्या मोजक्या माणसांत होतं. अशा वेळी पैज लावणारा अडाणी असतो, समोरचा तसा असेलच असं नाही.

आता हाच सट्टा फोनवर आला आहे. अमेरिकेत आयोवा विद्यापीठानं १९८८ मध्ये अभ्यासासाठी असा छोटा बाजार काढला, त्यात ५०० डॉलरची मर्यादा होती. आज तिथं काल्शी आणि पॉलिमार्केट ही मोठी नावं. काल्शी सरकारी आयोगाच्या देखरेखीखाली चालते आणि निवडणुकीवरच्या पैजांची मुभा तिनं २०२४ मध्ये कोर्टात भांडून मिळवली. पॉलिमार्केटवर व्यवहार क्रिप्टोत. निकालावर वाद झाला तर एका क्रिप्टो नाण्याचे मालक मत देऊन तो मिटवतात. २०२५ मध्ये युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की यांनी घातलेला पोशाख सूट म्हणायचा की नाही, यावरच तिथं मोठा तंटा झाला. आपल्याकडं प्रोबो होतं. ‘हो’ साडेसहा रुपयांना, ‘नाही’ साडेतीनला. ज्याचं बरोबर त्याला दहा, त्यातून कंपनीची दलाली वजा.

गेल्या भाद्रपदात दशलक्षण पर्वाच्या स्वाध्यायात एका सुनेनं विचारलं, “काकू, हे म्हणे ज्ञानाचं काम आहे, अभ्यास करून लावतात. मग जुगार कसा?” प्रश्न रास्त होता. बुकी तोंडओळखीचा, काल्शी कायद्याच्या चौकटीतली, पॉलिमार्केट बिनचेहऱ्याचं, फरक आहेतच. मी तिला म्हटलं, तू एकच विचार, ज्यावर पैसे लावतोस ते आधी कुणाला कळणार आहे? पाऊस असेल तर कुणालाच नाही. गादी असेल तर कुणाला तरी नक्की. आणि तो ‘कुणीतरी’ फोनच्या पडद्याआड समोर बसलेला असू शकतो.

आपल्या श्रावकाचारांत जुगाराचं उदाहरण म्हणून युधिष्ठिराचं नाव घेतात. तो काही मूर्ख नव्हता, धर्मराज होता. पण शकुनीला फासा ठाऊक होता, याला नव्हता. पणाला लागलं ते राज्यच, म्हणजे तीही गादीचीच पैज. आणि शेवटी सभेत ओढून आणली गेली ती अशी बाई, जिला खेळ सुरू होताना कुणी विचारलंही नव्हतं.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला आणि प्रोबोनं पैशांचा खेळ थांबवला. शिक्षा चालवणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. म्हणून घरातला पोरगा अडकला असेल तर पोलिसाच्या भीतीनं झाकून ठेवायचं कारण नाही. परदेशी पडदे आणि तोंडी बुकी मात्र अजून आहेतच. महिन्याच्या शेवटी किराण्याचा हिशेब आपण मांडतोच, तेव्हा घरातल्या बँकेच्या नोंदीही एकदा शेजारी घेऊन बसावं. द्रौपदीनं भर सभेत जे विचारलं, ते आपल्याला स्वयंपाकघरातच विचारता येतं, आणि वेळेवर.