मालगुजाराचा विटांचा वाडा

वरोऱ्याच्या आसपास एखाद्या जुन्या खेड्यात कवेलूंच्या घरांमध्ये विटांचा थोरला वाडा दिसला, म्हणजे तो मालगुजाराचा असावा, हे आम्ही न विचारताच ओळखतो. सन 1861 मध्ये मध्यप्रांत स्थापन झाल्यावर इंग्रज सरकारने पुढील जमीनबंदोबस्तात मालगुजारांस गावाची मालकी दिली. रयतेकडून वसूल करावा, सरकारचा सारा भरावा, उरेल ते आपले, अशी ती रीत. त्या शिलकेतून भाजक्या विटांच्या भिंती उठल्या, सागवानी खांब लागले, कोठ्या व गोठे भरले. विटा पाडणारे हात मात्र कुडाच्या घरीच परतत, हे आम्ही विसरू नये.

वरोऱ्यानजीक गोरजा येथील आमटे हे असेच जमीनदार घराणे. त्या घरचे मुरलीधर देवीदास, म्हणजे आपले बाबा आमटे (1914–2008), वरोऱ्यास वकिली करीत. नगरपालिकेचे उपाध्यक्षही होते. पावसात पडलेल्या एका महारोग्यास पाहून ते भ्याले. त्या भीतीची त्यांस लाज वाटली, आणि घरच्या ऐश्वर्याकडे त्यांनी पाठ फिरविली. 1951 साली सहा रोगपीडित बांधवांसह वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर आनंदवन सुरू झाले.

योगायोग असा की, त्याच वर्षी कायद्याने मालगुजारीही संपली. वसूल थांबला, तशी वाड्यांची डागडुजीही अवघड झाली. इकडे आनंदवनात, ज्यांस गावाने घराबाहेर काढिले, त्यांनीच आपल्या हातांनी विहीर खणिली व घरे उभारिली. वाडे जपावेत, असे आम्हांस मनापासून वाटते. परंतु ते दाखविताना मुलांस ही दुसरी घरेही अवश्य दाखवावीत.