एम्युलेटर, ऑर्गनायझर आणि गेम कंट्रोलर: आठ बटणांचा इतिहास

एका यंत्रावर दुसऱ्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम म्हणजे एम्युलेटर, हे तुम्ही संगणक रचनेच्या तासाला ऐकले असेल. ही कल्पना खेळांतून आलेली नाही. १९६४ साली आयबीएमने सिस्टिम/३६० ही संगणकमालिका जाहीर केली, तेव्हा अनेक ग्राहकांकडे जुन्या १४०१ संगणकासाठी लिहिलेले प्रोग्रॅम होते. ते वाया जाऊ नयेत म्हणून नव्या यंत्रावर १४०१ ची नक्कल करण्याची सोय दिली गेली.

या पाठात आपण त्याच कल्पनेचा एक छोटा टप्पा पाहणार आहोत. १९९६ ते २००५ या काळात खिशात मावणाऱ्या ऑर्गनायझरवर लोक व्हिडिओ गेम कन्सोलचे एम्युलेटर चालवू लागले. पुढे प्रोसेसर पुरेसा वेगवान झाला, तरीही बाहेरून गेम कंट्रोलर जोडण्याची गरज राहिली. ती का राहिली, हा आपला मुख्य प्रश्न आहे.

१. दोन यंत्रांची तुलना

पामचा पायलट बाजारात आला १९९६ मध्ये. पत्ते, भेटीगाठी, कामांची यादी आणि टिपणे ठेवणे एवढेच त्याचे काम. आत मोटोरोलाचा १६ मेगाहर्ट्झचा ड्रॅगनबॉल प्रोसेसर, १६० बाय १६० बिंदूंचा पडदा आणि दोन छोटे सेल. पडद्याखाली त्या चार कामांसाठी चार बटणे आणि मजकूर वर-खाली सरकवण्यासाठी दोन, अशी एकूण सहा.

निन्टेंडोचा गेम बॉय १९८९ चा. त्याच्या प्रोसेसरचा वेग ४.१९ मेगाहर्ट्झ आणि पडदा १६० बाय १४४ बिंदूंचा. गुनपेई योकोई यांनी १९८२ मध्ये एका छोट्या खेळयंत्रासाठी घडवलेली अधिक चिन्हाच्या आकाराची दिशापट्टी त्यातही होती. चार दिशा, ए, बी, स्टार्ट आणि सिलेक्ट मिळून आठ बटणे झाली.

दोन्ही पडद्यांची रुंदी सारखीच आहे, हे तुमच्या लक्षात आले असेल. गेम बॉयचे चित्र पामच्या पडद्यावर न कापता बसते आणि वर १६ ओळी उरतात. बटणांचे गणित मात्र जमत नाही, कारण आठ हवीत आणि सहाच आहेत.

२. वेगाचा हिशेब

आधी प्रोसेसरचे पाहू. गेम बॉयची सर्वांत साधी सूचना चार घड्याळ-ठोक्यांत पूर्ण होते, म्हणजे सेकंदाला सुमारे साडेदहा लाख. ड्रॅगनबॉल ६८००० कुळातला आहे. त्याच्याही सर्वांत साध्या सूचनेला चार ठोके लागतात, म्हणून १६ मेगाहर्ट्झवर सेकंदाला फार तर ४० लाख. भागाकार करा. गेम बॉयच्या एका साध्या सूचनेसाठी पामला आपल्या चार सूचनासुद्धा मिळत नाहीत. तेवढ्यात मूळ सूचना वाचायची, ओळखायची, पार पाडायची आणि शिवाय चित्रही काढायचे. त्यामुळे काही चित्रे गाळणे हाच उपाय राहतो. इतक्या तुटपुंज्या साधनांवरही लिबर्टी नावाच्या एम्युलेटरने पामवर गेम बॉयचे खेळ चालवून दाखवले.

२००२ मध्ये पाम ओएस ५ आली आणि पामने एआरएम प्रोसेसर स्वीकारला. जुने प्रोग्रॅम चालावेत म्हणून कंपनीने या प्रणालीतच ६८००० चा एम्युलेटर बसवला. आयबीएमने १९६४ मध्ये केले तेच हे. पण जुना गेम बॉय एम्युलेटर यावर चालवला तर नकलेच्या आत नक्कल होई. म्हणून नव्या एम्युलेटरांचा गाभा थेट एआरएमसाठी लिहिला जाऊ लागला.

३. वेग मिळाला, उडी मिळेना

मायक्रोसॉफ्टच्या पॉकेट पीसी प्रणालीवर चालणारा कॉम्पॅकचा आयपॅक ३६०० हा २००० सालचा. त्यात इंटेलचा २०६ मेगाहर्ट्झचा स्ट्राँगआर्म प्रोसेसर होता. नुसते ठोके मोजले तर गेम बॉयच्या जवळपास ४९ पट. आता ‘सुपर मारिओ लँड’ हा खेळ घ्या. धावत जाऊन खड्डा ओलांडायचा तर उजवी दिशा, धावण्याचे बी आणि उडीचे ए ही तीन बटणे एकाच वेळी दाबलेली हवीत. आयपॅक ३६०० ला मात्र एका वेळी एकच बटण ओळखता येत असे. मारिओ धावे, पण धावताना उडी मारू शकत नसे.

हा दोष म्हणावा का? ऑर्गनायझरच्या दृष्टीने नाही. भेटींची यादी आणि पत्त्यांची वही एकाच क्षणी उघडायची वेळ कोणावर येते? बटणांची जोडणी त्या कामाला पुरेशी होती. आपल्याकडे भारतीय विज्ञान संस्था आणि एन्कोर यांच्या पुढाकारातून बंगळुरूत घडलेल्या सिम्प्युटरमध्येही स्ट्राँगआर्मच होता. त्याचे उद्दिष्ट मात्र सर्वसामान्यांपर्यंत संगणक पोहोचवण्याचे होते. प्रोसेसर तोच असला, तरी यंत्र कोणासाठी आहे हे त्याच्या पडद्यावरून, बटणांवरून आणि जोडण्यांवरून ठरते.

४. कंट्रोलर नेमके काय करतो

गेम बॉयमधला खेळ प्रत्येक चित्रामागे, म्हणजे सेकंदाला सुमारे ६० वेळा, एका ठरावीक पत्त्यावरून बटणांची स्थिती वाचतो. ‘बटण दाबले गेले’ अशी एकदाच येणारी सूचना त्याला पुरत नाही. ‘या क्षणी कोणकोणती बटणे दाबलेली आहेत?’ याचे उत्तर त्याला हवे असते. ते उत्तर त्या पत्त्यावर मांडणे हे एम्युलेटरचे काम.

बाहेरचा कंट्रोलर ऑर्गनायझरच्या बटणांना वळसा घालून हे उत्तर देतो. समजा तो सीरियल जोडणीतून ९६०० बिट प्रतिसेकंद वेगाने बोलतो. आठ बटणांची स्थिती आठ बिटांत, म्हणजे बरोबर एका बाइटमध्ये मावते. सुरुवातीचा आणि शेवटचा बिट धरून दहा बिट झाले; त्यांना साधारण १ मिलिसेकंद लागतो. एका चित्राचा अवधी सुमारे १६.७ मिलिसेकंद आहे. म्हणजे ही मंद जोडणीसुद्धा पुरून उरते. अट एकच: कंट्रोलरचा ड्रायव्हर हवा आणि एम्युलेटरला तो ओळखता यायला हवा.

सोनीने आपल्या क्लिए ऑर्गनायझरसाठी जोडायचा कंट्रोलर विकला. टॅपवेव्ह कंपनीने २००३ मध्ये दिशादांडी आणि खेळाची बटणे अंगावरच असलेला झोडियाक हा पाम ओएसवरचा यंत्रप्रकार आणला; २००५ मध्ये ती कंपनी बंद पडली.

५. कायद्याची बाजू

एम्युलेटर आणि खेळाची फाइल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोनी विरुद्ध कनेक्टिक्स या खटल्यात अमेरिकेच्या अपील न्यायालयाने २००० मध्ये एम्युलेटर बनवण्यासाठी केलेले उलट अभियांत्रिकीचे काम न्याय्य वापर मानले. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही १९९९ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये भर पडली. प्रोग्रॅम कायदेशीररीत्या बाळगणाऱ्याला, दोन प्रोग्रॅम एकमेकांशी जुळवण्यासाठी लागणारी आणि अन्यथा सहज न मिळणारी माहिती मिळवण्याची मुभा आहे. पण खेळाची फाइल कुठूनही उतरवून घेण्याची परवानगी यातून मिळत नाही. फुकटच्या मोहाची किंमत तेव्हाही होती. ऑगस्ट २००० मध्ये लिबर्टीचे कुलूप तोडणारा प्रोग्रॅम म्हणून पसरलेला एक ट्रोजन पामवरचे प्रोग्रॅमच पुसून टाकत असे.

६. आज हे का वाचावे

२०२२ मध्ये इंटरनेट आर्काइव्हने पामचे जुने प्रोग्रॅम ब्राउझरमध्ये चालतील असे उपलब्ध केले. एकेकाळी दुसऱ्याची नक्कल करणारे यंत्र आता स्वतः नकलेत उरले आहे. तिथे स्टायलसच्या जागी माउस आहे, आणि तळहातावर धरून अंगठ्याने दाबायची ती सहा बटणे हाताला लागत नाहीत. प्रोग्रॅम जपला गेला, पण तो कसा हाताळला जाई हे कोणी लिहून ठेवले नाही तर पुढच्या अभ्यासकाला अर्धेच यंत्र मिळेल. तुमच्या घरात एखादे जुने यंत्र पडून असेल तर त्याची बटणे, जोडण्या आणि वापरण्याची रीत आताच नोंदवून ठेवा.

विचारासाठी प्रश्न

१. फोनच्या स्पर्शपडद्यावर एका वेळी अनेक बोटे ओळखली जातात. तरीही खेळणारे ब्लूटूथ कंट्रोलर का जोडतात?

२. वरचा सीरियल जोडणीचा हिशेब १२०० बिट प्रतिसेकंद वेगासाठी करा. एका चित्राच्या अवधीत स्थिती पोहोचेल का?