शांघायचा भाव, परळचा भोंगा

गिरणी कामगारांवरील साहित्य शिकवताना आम्ही बहुधा १९८२च्या संपापाशी येऊन थांबतो. गिरणगावाची पडझड तेथूनच सुरू झाली, असा विद्यार्थ्यांचा समज होतो. त्यात दोष आमचाच. हातचे काम जाण्याचा हा इतिहास त्याहून जवळजवळ शतकभर जुना आहे आणि त्याचे एक टोक चीनमध्ये आहे.

कावसजी दावर यांची गिरणी १८५६मध्ये सुरू झाली. पुढील काही दशकांत मुंबईचे जाडेभरडे सूत मोठ्या प्रमाणावर चीनला जाऊ लागले; तेथील हातमागांवर ते विणले जाई. १८९३मध्ये हिंदुस्थान सरकारने लोकांची चांदी घेऊन रुपये पाडून देणे बंद केले. चांदीच्या मानाने रुपया वधारला. चीनचा व्यवहार चांदीत असल्याने आपले सूत तेथे महागले. त्याच सुमारास जपानी गिरण्या, त्याही हिंदी कापूस विकत घेऊन, त्या बाजारात उतरल्या. १८९५नंतर शांघायमध्येच परकीयांच्या गिरण्या उभ्या राहिल्या. १८९६मध्ये मुंबईत प्लेग आला, १९००मध्ये चीनमध्ये बॉक्सर उठाव झाला. सूत गोदामांत साचले, गिरण्या कमी वेळ चालू लागल्या.

याचा पहिला घाव बदली कामगारावर पडे. तो रोज पहाटे गिरणीच्या दाराशी उभा राही. जॉबरने आत घेतले तर काम, नाहीतर परतीची वाट. ज्याला कधी कायम केलेच नाही, त्याला काढल्याची नोंद तरी कोण ठेवणार? तो मुकाट्याने कोकणात किंवा देशावर गावी जाई. मंदीचा भार मग तुटपुंज्या शेतीवर आणि घरच्या बायकांवर येऊन पडे.

पहिल्या महायुद्धानंतर चीनची बाजारपेठ जवळपास हातची गेली आणि देशातही जपानी कापड स्पर्धेला आले. खर्च कमी करण्यासाठी मालकांनी एका विणकराकडे दोनऐवजी तीन माग देण्याचे ठरवले. तिसरा माग म्हणजे कोणाची तरी गेलेली नोकरी, हे कामगारांना सांगावे लागले नाही. १९२८च्या सहा महिन्यांच्या संपामागे हे एक मोठे कारण होते.

मामा वरेरकरांची गिरणी कामगारांवरील ‘धावता धोटा’ ही कादंबरी १९३३ची. तेव्हापासून आपल्या साहित्याला मालक, जॉबर, चाळ आणि भोंगा यांची चांगली ओळख आहे. शांघायचा भाव मात्र त्यात क्वचितच येतो. परळच्या कामगारालाही तो कधी दिसला नव्हता. वर्गात ही पुस्तके उघडताना त्या न दिसणाऱ्या पात्राचेही नाव घ्यावे, एवढेच आमचे म्हणणे.