उजळाईवाडीची धावपट्टी आणि घरचं जेट

छत्रपती राजाराम महाराजांच्या पुढाकाराने कोल्हापूरजवळ उजळाईवाडीत ५ जानेवारी १९३९ रोजी विमानतळ सुरू झाला. तो जमाना पिस्टन इंजिनाचा. सुमारे सहा वर्षांपूर्वी, १५ ऑक्टोबर १९३२ला, जे. आर. डी. टाटांनी एका इंजिनाच्या पुस मॉथ विमानातून कराचीचं टपाल मुंबईला आणलं होतं.

पुढे बरीच वर्षं इथली धावपट्टी १३७० मीटरच होती. मोठ्या विमानांना ती अपुरी पडे, म्हणून नंतर लांबवावी लागली.

२००६मध्ये अमेरिकेत एक्लिप्स ५०० आणि सेस्ना मस्टँग या छोट्या जेटना प्रमाणपत्र मिळालं, २०१६मध्ये एका इंजिनाच्या सिरस व्हिजन जेटला. मालकाने स्वतः, एकट्याने उडवावीत अशीच ही विमानं. कागदावर त्यांना जुनी धावपट्टीही पुरली असती. पण कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच. एप्रिलच्या उन्हात हवा विरळ होते आणि उड्डाणाला जास्त अंतर लागतं.

जेटमध्ये वैमानिकाच्या हाताला मात्र काम कमी. पिस्टन विमानात इंधनमिश्रण आणि पंखा यांचे वेगळे दांडे सांभाळावे लागतात. व्हिजन जेटमध्ये जोर वाढवायला एकच दांडा. खरी परीक्षा वेगाची. उतरताना वेग मारायला पंख्याची मदत नसते, त्यामुळे निर्णय कितीतरी आधी घ्यावा लागतो. म्हणूनच त्या विमानाचं स्वतंत्र प्रशिक्षण सक्तीचं, आणि ते योग्यच आहे. नियमित उडणाऱ्या, ढगांत उपकरणांवर विसंबून उडण्यात मुरलेल्या मालकाला जेट नक्की झेपेल. वर्षातून चार वेळा उडणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये. शिवाय कोल्हापूर-मुंबई हवाई अंतर जेमतेम तीनशे किलोमीटर. तेवढ्यात जेट उंची गाठून लगेच उतरायला लागतं, आणि चांगलं पिस्टन विमान फार मागे राहत नाही.