विक्रमाचा मनोरा

मानवी कीर्तीच्या क्षणभंगुरतेचे दाखले इतिहासकार बहुधा साम्राज्यांच्या वृत्तांतांतून काढतात. आम्हीं या खेपेस तो एका करमणुकीच्या उद्यानांतून घेत आहों. विषय हलका वाटल्यास वाचकांनीं क्षमा करावी.

अमेरिकेंतील न्यू जर्सी संस्थानांत 'सिक्स फ्लॅग्ज ग्रेट अॅडव्हेंचर' नांवाचें उद्यान आहे. तेथें २१ मे २००५ रोजीं 'किंगडा का' हा रोलर कोस्टर लोकांस खुला झाला. उंची ४५६ फूट, म्हणजे कुतुबमिनाराच्या जवळजवळ दुप्पट. वेग ताशीं १२८ मैल. दोन्ही बाबतींत त्या वेळीं जगांत त्याची बरोबरी करणारा दुसरा नव्हता. ओहायोंतील 'टॉप थ्रिल ड्रॅगस्टर'चें ४२० फुटांचें वैभव अवघ्या दोन वर्षांत फिकें पडलें. आणि नवल असें कीं, दोहोंचीही निर्माती इंटामिन कंपनीच होती.

जुन्या पद्धतींत साखळी गाडीला सावकाश माथ्यावर नेते व पुढचें काम गुरुत्वाकर्षण करतें. येथें तसें नव्हतें. द्रवाच्या दाबावर चालणारीं यंत्रें पोलादी दोर खेंचीत, आणि १८ माणसांची गाडी साडेतीन सेकंदांत पूर्ण वेग घेई. मनोरा चढावयाचा तो त्या एका झेपेच्या बळावर. झेप किंचित् तोकडी पडली, कीं गाडी आल्या वाटेनें मागें येई. तिला आवरण्यासाठीं रुळांवर ब्रेक आधींच योजलेले असत. ज्या यंत्रानें कीर्ति दिली, त्यानेंच दुखणेंही दिलें. पहिल्याच जूनमध्यें दोराच्या पन्हाळींतील एक बोल्ट निकामी झाला आणि ऑगस्टपर्यंत सारा खेळ थांबला.

२०१० मध्यें अबू धाबीच्या 'फॉर्म्युला रोसा'नें वेगाचा मान हिरावून घेतला. उंचीचा मान मात्र अखेरपर्यंत टिकला. १० नोव्हेंबर २०२४ रोजीं जे बसले, त्यांस आपली फेरी शेवटची हें ठाऊक नव्हतें. चार दिवसांनीं तें जाहीर झालें. २८ फेब्रुवारी २०२५ रोजीं सुरुंग लावून मनोरा पाडण्यांत आला.

न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर १९२७ सालचा 'सायक्लोन' नांवाचा लांकडी कोस्टर आहे. उंची केवळ ८५ फूट. पण साखळीनें चढणारी ती गाडी सुमारें शतकभर लोकांस रिझवीत आली आहे. उंचीसाठीं तिच्याकडे कोणी जात नाहीं, म्हणून दुसरा उंच झाल्यानें तिचें कांहीं बिघडतही नाहीं. याचा अर्थ किंगडा का व्यर्थ होता, असें आम्ही म्हणणार नाहीं. एकोणीस वर्षें त्यानें माणसांस आकाशाचा क्षणभर स्पर्श घडविला, हें थोडें नव्हे. परंतु ज्या घोषणेनें त्याचा अंत कळविला, तिनेंच अनेक विक्रम मोडणाऱ्या नव्या कोस्टरचें आश्वासनही दिलें. पडलेल्या मनोऱ्यापासून कोणीं कांहीं शिकावें, तर तें त्याच्या मालकांनीं. आणि त्यांसच तशी निकड भासलेली दिसत नाहीं.